नव्या साहेबाचा साहेब

चांगला फिटर सुपरवायझर होतो, चांगली प्रोग्रामर टीम लीड होते, गणित उत्तम शिकवणारे शिक्षक मुख्याध्यापक होतात. ज्या कामाने त्यांचे नाव झाले, ते काम बढतीच्या दिवसापासून त्यांचे मुख्य काम उरत नाही. उरते ते दुसऱ्यांकडून काम करवून घेणे: कोणाला काय द्यायचे, कोणाची रजा मंजूर करायची, कोणाच्या चुकीबद्दल वरच्यांपुढे आपण उत्तर द्यायचे. हे त्यांना बहुधा कोणी शिकवलेले नसते. ब्रिटनमधल्या चार्टर्ड मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटने २०२३ साली यूगव्ह या संस्थेबरोबर केलेल्या पाहणीत, व्यवस्थापकपदावर आलेल्यांपैकी ८२ टक्के लोकांना त्या पदासाठी कोणतेही औपचारिक प्रशिक्षण मिळालेले नव्हते. अमेरिकेतले सल्लागार जॅक झेंगर यांनी २०१२ मध्ये आपल्या संस्थेकडच्या सुमारे १७ हजार जणांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा नेतृत्व-प्रशिक्षणाला येणाऱ्यांचे सरासरी वय ४२ निघाले. माणसे पहिल्यांदा सुपरवायझर होतात ती मात्र साधारण तिशीत. म्हणजे दहा-बारा वर्षे हाताखालची माणसे सांभाळून झाली, की ती कशी सांभाळायची हे सांगितले जाते. आपल्याकडे चित्र यापेक्षा बरे असेल असे मानायला काही कारण दिसत नाही.

यावर बाजाराने काढलेला तोडगा ठरलेला आहे. दोन दिवसांचे शिबिर, लोणावळ्याचे रिसॉर्ट, स्वभावाचे प्रकार सांगणारी एखादी चाचणी, शेवटी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. असे कार्यक्रम विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत 'साठ टक्के नवे व्यवस्थापक पहिल्या दोन वर्षांत अपयशी ठरतात' असा एक आकडाही फिरत असतो. अपयश म्हणजे काय धरले, हे त्यात सहसा सांगितलेले नसते, म्हणून त्या आकड्यावर इथे काही उभे करणार नाही. त्याची गरजही नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या विषयावर खरोखरीचा पुरावा जमा झाला आहे आणि त्यातला मोलाचा भाग भारतातल्या कारखान्यांतून आला आहे. तो एकत्र ठेवून पाहिला की असे दिसते, की नवा व्यवस्थापक टिकतो की कोलमडतो यात त्याच्या स्वभावाचा आणि त्याने केलेल्या कोर्सचा वाटा आपण समजतो त्याहून कमी आहे. त्याच्या वरच्या साहेबाचा वाटा आपण समजतो त्याहून पुष्कळ मोठा आहे. बढती कोणाला द्यायची, तिच्याबरोबर कोणते जुने काम काढून घ्यायचे, प्रशिक्षणाला कोणाला पाठवायचे आणि पहिले सहा महिने त्या माणसासाठी स्वतःचा किती वेळ राखून ठेवायचा, यांतला एकही निर्णय नव्या माणसाच्या हातात नसतो. मदतीची सुरुवात तिथून व्हायला हवी.

आधी एक मूलभूत शंका निस्तरू. पहिल्या पायरीवरच्या साहेबाने एवढा फरक पडतो का? एडवर्ड लेझियर, कॅथरिन शॉ आणि क्रिस्टोफर स्टँटन या अर्थशास्त्रज्ञांनी एका मोठ्या सेवा-कंपनीतल्या नोंदी घेऊन २०१५ मध्ये त्याचा हिशेब मांडला. सर्वांत कमकुवत दहा टक्क्यांतला साहेब हलवून त्या जागी सर्वांत चांगल्या दहा टक्क्यांतला आणला, तर नऊ जणांच्या गटात दहावा माणूस घेतल्याइतके काम वाढते, असे त्यांना आढळले. गूगलने हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवून पाहिला. २००२ साली तिथे इंजिनिअरांवरचे व्यवस्थापकच काढून टाकण्याचा प्रयोग झाला आणि काही महिन्यांतच गुंडाळावा लागला. खर्चाच्या पावत्या आणि आपसातली भांडणे घेऊन लोक थेट कंपनीचे सहसंस्थापक लॅरी पेज यांच्याकडे जाऊ लागले होते. पुढे 'प्रोजेक्ट ऑक्सिजन' या नावाने त्याच कंपनीने आपल्या चांगल्या व्यवस्थापकांचे गुण शोधले. आठ निघाले. तांत्रिक ज्ञान त्यांत होते, पण शेवटच्या, आठव्या जागी. तांत्रिक हुशारी पारखूनच माणसे घेणाऱ्या कंपनीचा हा निष्कर्ष आहे, म्हणून त्याला वजन आहे.

आपल्याकडे हा प्रश्न संगणकाबरोबर आलेला नाही. मुंबईच्या गिरणगावात तो शंभर वर्षांपूर्वीही होता. तिथे पहिल्या पायरीवरच्या या साहेबाला जॉबर म्हणत. कामगारांतूनच वर आलेला हा माणूस भरती करी, गैरहजरांच्या जागी येणाऱ्या बदलीवाल्यांत रोजचे काम वाटी, यंत्र अडले तर सोडवी, नडीला पैसे देई आणि दस्तुरीही घेई. बायकांच्या खात्यांत हेच काम नायकिणी करत. मजुरांविषयीच्या रॉयल कमिशनने, म्हणजे व्हिटले कमिशनने, १९३१ च्या अहवालात जॉबरच्या भ्रष्टाचारावर बोट ठेवले आणि भरतीचा अधिकार त्याच्याकडून काढून कामगार अधिकारी नेमावेत अशी शिफारस केली. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आणली, तीही त्याच दिशेने. ते आवश्यकच होते. पण राजनारायण चंदावरकर यांचा मुंबईच्या गिरणी उद्योगावरचा १९९४ चा ग्रंथ वाचला की जॉबरची दुसरी बाजू दिसते. त्याची सत्ता निरंकुश नव्हती. वर साहेबाला उत्पादन आणि खाली वस्तीतल्या माणसांना काम पुरवत राहिला तरच ती टिके. मालकांना तो हवा होता, कारण त्याच्यामुळे मजुरांशी थेट व्यवहार करायची वेळ त्यांच्यावर येत नसे. त्याने माणसे कशी हाताळावीत याची उठाठेव वरच्यांनी केली नाही. माल निघाला म्हणजे झाले. आज 'डिलिव्हरी वेळेत झाली ना, मग बाकीचं तुझं तू बघ' असे टीम लीडला सांगणारा वरिष्ठ त्याच परंपरेतला आहे. जॉबरचे दोष सर्वांना ठाऊक आहेत. ते ज्यांच्या सोयीचे होते त्यांच्याबद्दल फार कमी बोलले गेले.

आता निवडीकडे वळू. लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांनी १९६९ मध्ये विनोदाच्या अंगाने एक सिद्धांत मांडला होता, की प्रत्येकाला त्याची कुवत संपेल त्या पायरीपर्यंत बढती मिळत जाते. पन्नास वर्षांनी ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू यांनी १३१ कंपन्यांच्या विक्री विभागांतल्या नोंदींवर तो तपासला, आणि विनोद बराचसा खरा निघाला. कंपन्या सर्वांत जास्त विक्री करणाऱ्याला व्यवस्थापक करत होत्या. पण बढतीपूर्वी ज्याची विक्री जास्त, त्याच्या हाताखाली आलेल्या लोकांची कामगिरी उलट खालावत होती. चांगला व्यवस्थापक कोण होईल हे सुचवणारी दुसरी लक्षणे, उदाहरणार्थ इतरांबरोबर मिळून सौदे करण्याचा अनुभव, त्याच नोंदींत होती. त्यांना कंपन्या पुरेशी किंमत देत नव्हत्या.

कंपन्यांचीही बाजू आहे आणि संशोधकांनी ती नाकारलेली नाही. उत्तम विक्रेत्याला डावलले तर बाकीच्यांनी जीव तोडून विक्री का करावी? आपल्याकडे यावर सेवाज्येष्ठता हा दुसरा मार्ग रूढ आहे. महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांत १९८१ च्या नियमावलीनुसार मुख्याध्यापकपद पात्र शिक्षकांतल्या सर्वांत ज्येष्ठाकडे जाते. त्याने वशिल्याला आळा बसतो, हा फायदा लहान नाही. तरी दोन्ही मार्गांच्या तळाशी चूक एकच आहे: माणसे सांभाळण्याचे पद हे मागच्या कामाचे बक्षीस मानले जाते. बक्षीस द्यायचे तर ते पगारात द्यावे, पदनामात द्यावे. आपल्या सरकारी संशोधन संस्थांत सायंटिस्ट 'सी', 'डी', 'ई' अशी श्रेणी चढायला हाताखाली माणसांची फौज असावी लागत नाही. ही सोय खाजगी कंपन्यांत कागदावर असते, पण तज्ज्ञाच्या शिडीवर चढलेल्याला गाडी, केबिन आणि बैठकीतली खुर्ची मिळत नाही, आणि मग जो तो माणसांच्या शिडीकडे धावतो. ज्याला ती खरोखर द्यायची आहे त्याची परीक्षा स्वस्तात घेता येते. बढतीपूर्वी सहा महिने दोन शिकाऊ उमेदवार त्याच्याकडे सोपवावेत आणि ते काय शिकले ते पाहावे.

निवड बरोबर झाली तरी पुढची गफलत बहुतेक ठिकाणी होतेच, आणि ती सगळ्यांत महाग पडते. बढतीबरोबर काम वाढते. कमी काहीच होत नाही. हार्वर्डच्या लिंडा हिल यांनी १९ नव्या व्यवस्थापकांचा पहिले वर्षभर पाठपुरावा केला आणि त्यावर १९९२ मध्ये पुस्तक लिहिले. या लोकांना वाटले होते की आता अधिकार मिळाला, मनासारखे करता येईल. प्रत्यक्षात हाताखालच्यांवर, शेजारच्या खात्यांवर, वरिष्ठांवर, ग्राहकांवर असे चहूबाजूंनी अवलंबून राहणे त्यांच्या वाट्याला आले. हुकूम सोडला म्हणजे काम होते असे नाही, हे त्यांना काही आठवड्यांत कळले. मनाने ते अजून स्वतः काम करणारेच होते आणि त्या जुन्या ओळखीतून बाहेर यायला त्यांना बराच काळ लागला. हिल यांचे एक निरीक्षण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अडचण आली तरी हे नवे साहेब आपल्या वरिष्ठांकडे मदत मागायला कचरत होते, कारण मूल्यमापन करणारा तोच. ज्याच्याकडून शिकायचे त्याच्यापुढेच अज्ञान लपवायचे, ही या पदाची मूळ अडचण आहे, आणि ती फोडण्याची जबाबदारी वरच्याची आहे.

व्यवस्थापकाचा दिवस कसा असतो हेही नव्या माणसाला ठाऊक नसते. हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच कंपनीप्रमुखांचे दिवस शेजारी बसून नोंदले, तेव्हा त्यांची निम्मी कामे नऊ मिनिटांहून कमी वेळाची होती. सर्वोच्च पदाची ही गत, तर शॉप फ्लोअरवरच्या शिफ्ट इन्चार्जची काय सांगावी! चार-चार तास एकाग्र होऊन काम करण्याची सवय असलेल्या माणसाला असा तुकड्यातुकड्यांचा दिवस वाया गेल्यासारखा वाटतो. संध्याकाळी 'आज काहीच केले नाही' ही टोचणी घेऊन तो रात्री आपले जुने काम काढून बसतो, कारण त्यात हातखंडा आहे आणि समाधानही. हिंजवडीतल्या टीम लीडला तर ते सक्तीनेच करावे लागते. त्याचे निम्मे तास ग्राहकाला बिल होत असतात. मग अडीनडीला नवख्याला शिकवत बसण्यापेक्षा स्वतः कोड लिहून मोकळे होणे परवडते, नवखा तिथेच राहतो, आणि पुढच्या अडचणीला पुन्हा लीडच जागतो. अशा माणसाला 'काम सोपवायला शिका' म्हणून शिबिराला पाठवणे थट्टा आहे. सोपवण्यासाठी लागणारा वेळ त्याच्या वरच्यांनी आधीच विकलेला आहे.

आपल्याकडे याला नात्यागोत्यांसारखी आणखी एक गुंतागुंत चिकटते. कालपर्यंत एका डब्यात जेवणारे, अरे-तुरे करणारे मित्र आज आपल्याला रिपोर्ट करतात. त्यांच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची थट्टा अचानक थंडावते. तिशीतल्या सुपरवायझरच्या हाताखाली पंचावन्न वर्षांचे काका असतात, ज्यांना तो अहो-जाहो करतो आणि ज्यांनी त्याला यंत्रावर पहिल्यांदा उभे केलेले असते. त्यांना उशिरा येण्याबद्दल बोलायचे कसे? उत्तर साधे आहे पण नवा माणूस ते एकटा अमलात आणू शकत नाही. वरच्या साहेबाने पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगावे लागते की रजा, पाळी आणि रेटिंग यांचा निर्णय आता या माणसाचा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढच्याच आठवड्यात काका जेव्हा जुन्या ओळखीने थेट वर येतील, तेव्हा त्यांना प्रेमाने परत पाठवावे लागते. एकदा जरी वरून निर्णय फिरवला, तर नव्या साहेबाचे पद नावापुरते उरते.

काम नीट होत नाही हे माणसाला सांगणे हा या पदाचा सर्वांत नाजूक भाग, आणि त्याबद्दलचा पुरावा सोपा नाही. अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डिनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायाच्या परिणामांवरचे तोपर्यंतचे संशोधन एकत्र केले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा होतो. पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा त्याने कामगिरी घसरते. बोलण्याचा रोख कामावरून सरकून माणसावर गेला की नुकसान संभवते, असा त्यांचा अर्थ. आपल्या अप्रेझलमध्ये नेमके हेच होते. वर्षभर गप्प राहून मार्चमध्ये बेल कर्व्हच्या हिशेबाने एकाला खालचे रेटिंग द्यायचे आणि ते त्याला पटवून सांगायचे, हे काम पहिल्याच वर्षी नव्या माणसाच्या गळ्यात पडते. पहिल्या वर्षी त्या खोलीत त्याच्या शेजारी वरिष्ठाने बसावे, एवढी तरी मागणी रास्त आहे.

मग प्रशिक्षण निरुपयोगी आहे का? नाही, आणि इथे माझ्या मुद्द्यावरचा सर्वांत भक्कम आक्षेप विचारात घ्यायला हवा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतली तरुण माणसे आघाडीवर गेली, कारखान्यांत नवखे कामगार आणि नवखे फोरमन भरले, तेव्हा सरकारने 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा कार्यक्रम चालवला. काम कसे शिकवावे, पद्धत कशी सुधारावी आणि माणसांशी कसे वागावे, असे तीन अभ्यासक्रम. प्रत्येक जेमतेम दहा तासांचा. मिकेला जॉर्चेली आणि निकोला बियांकी यांनी अर्ज केलेल्या ११,५७५ कंपन्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कंपन्यांच्या कामगिरीवर त्याचे चांगले आणि दीर्घकाळ टिकणारे परिणाम दिसले. युद्धानंतर हाच कार्यक्रम जपानमध्ये गेला आणि टोयोटासारख्या कंपन्यांनी तो मुरवून घेतला. दहा तासांनी जर हे साधते तर साहेबाच्या वेळेचे एवढे स्तोम कशाला? कारण ते दहा तास एका दमात दिलेले नव्हते. दोन-दोन तासांच्या बैठका, प्रत्येकाने आपल्याच खात्यातले काम आणून सर्वांसमोर करून दाखवायचे, आणि शिकवणारे बरेचसे कारखान्यांतलेच लोक. क्रिस्टिना लेसरेन्झा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये नेतृत्व-प्रशिक्षणाचे ३३५ नमुने एकत्र करून काढलेला निष्कर्ष याच्याशी जुळतो: प्रशिक्षणाचा उपयोग होतो, आणि तो कामाच्या ठिकाणी, अंतराअंतराने, प्रत्यक्ष सराव आणि अभिप्राय यांसह दिल्यास जास्त होतो. रिसॉर्टवरच्या दोन दिवसांत यातले जवळजवळ काहीच नसते.

प्रशिक्षणाला कोणाला पाठवायचे हाही निर्णय वरच्याचाच, आणि तोही चुकू शकतो. अच्युत अध्वर्यू आणि अनंत न्यशाधम यांच्या गटाने भारतातल्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत केलेला प्रयोग यासाठी वाचण्यासारखा आहे. शिवणाच्या लाइनींवरच्या सुपरवायझरना संवाद आणि माणसे हाताळण्याचे प्रशिक्षण द्यायचे होते. नेहमीच्या रीतीप्रमाणे मधल्या फळीतल्या व्यवस्थापकांकडून शिफारसी मागवल्या, आणि मग चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड केली. ज्यांची जोरदार शिफारस झाली होती त्यांच्या लाइनींचे उत्पादन वाढले नाही. ज्यांची फारशी झाली नव्हती त्यांचे १२ टक्क्यांनी वाढले. व्यवस्थापकांना आपली माणसे ओळखता येत नव्हती असे नाही, मर्जीचाही प्रश्न नव्हता. सुपरवायझर नोकरी सोडून गेला की त्याच्या जागेची सगळी यातायात या मधल्या साहेबांना करावी लागते. म्हणून प्रशिक्षणाने जे टिकून राहतील अशांना त्यांनी पुढे केले. त्यांच्या जागी ते शहाणपणाचेच होते, कंपनीच्या दृष्टीने नव्हते. यातून एवढे तरी निघते, की खाली कोणाला शिकवायचे हे मधल्या साहेबावर सोडायचे असेल तर त्याचा स्वतःचा त्रासही कोणीतरी विचारात घ्यायला हवा.

बायकांच्या बाबतीत पुरावा आणखी एक गोष्ट दाखवतो. बांगलादेशच्या कपड्यांच्या कारखान्यांत दर पाच कामगारांपैकी चार बायका होत्या, पण सुपरवायझरांत विसांत जेमतेम एक. रोक्को मॅकिआव्हेल्लो, क्रिस्टोफर वुडरफ आणि सहकाऱ्यांनी तिथे बायकांना प्रशिक्षण देऊन बढती देण्याचा प्रयोग केला. सुरुवातीला त्या पुरुषांच्या मागे दिसल्या; हाताखालच्यांना त्यांच्याबद्दल शंका होती. चार ते सहा महिन्यांत ती तफावत नाहीशी झाली. कौशल्य आधीपासून होते, लोकांची नजर सरावायला वेळ लागला. तिसऱ्या महिन्यात 'बघितलं, जमत नाही' म्हणणाऱ्या वरिष्ठाने निकाल एक ते तीन महिने आधी लावलेला असतो. या बाबतीत धीर धरणे हीच मदत.

वरच्याच्या वेळेचा मुद्दा सर्वांत स्पष्टपणे सिद्ध झाला तो आपल्याच पालघर जिल्ह्यात. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तारापूर आणि शेजारच्या गुजरातेतल्या उंबरगाव इथल्या कापड विणणाऱ्या कंपन्यांत प्रयोग केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही कारखान्यांत सल्लागार पाच महिने राबले, यंत्रांची देखभाल, दर्जाच्या नोंदी, मालाचा साठा, कामगारांना प्रोत्साहन अशा ३८ साध्या पद्धती शिकवत. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. या कंपन्या घरच्या होत्या. घराबाहेरच्या व्यवस्थापकाच्या हाती मालक फारसे अधिकार देत नसत, आणि कंपनी किती वाढेल हे घरात कर्ते पुरुष किती यावर बरेचसे ठरे. नऊ वर्षांनी संशोधक परत गेले. शिकवलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या गळून गेल्या होत्या, तरीही या कारखान्यांची इतरांवरची आघाडी ठळक होती. गळतीची सर्वाधिक सांगितली गेलेली कारणे दोन: व्यवस्थापक बदलले, आणि मालकांना वेळ नव्हता. नवा व्यवस्थापक येतो, त्याला आधीचे कोणी समजावून सांगत नाही, सांगू शकेल तो मालक दुसऱ्या कामात असतो. शिबिरे भरवणाऱ्यांनी ही दोन कारणे भिंतीवर लावावीत.

हे जमणारच नाही असेही नाही, कारण काही संस्था ते कित्येक दशके करत आहेत. खडकवासल्याच्या एनडीएत तीन वर्षे आणि पुढे डेहराडूनला एक वर्ष काढून तरुण लेफ्टनंट पलटणीत येतो, तेव्हा त्याच्याजवळ वीस-पंचवीस वर्षे नोकरी झालेला सुभेदार असतो. हुकूम तरुणाचा, जाण जुन्याची, आणि यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आयएएसमध्ये निवड झालेल्याला मसुरी आणि जिल्हा मिळून जवळजवळ दोन वर्षे शिकवतात, त्यात तहसीलदारासारख्या पदावर काही आठवडे स्वतंत्र काम आणि वर लक्ष ठेवायला जिल्हाधिकारी. त्याच महसूल खात्यात तलाठ्याचा मंडळ अधिकारी होतो तेव्हा त्याच्यापुढे असते ती मुख्यतः कायदे-नियमांची परीक्षा. माणसे सांभाळायची तयारी कोणी करून घेत नाही. वरून थेट येणाऱ्यासाठी दोन वर्षे आणि खालून चढणाऱ्यासाठी पुस्तकांची यादी, हा भेद आपल्या बहुतेक संस्थांत आहे. खाजगी कंपन्यांच्या मॅनेजमेंट ट्रेनींचेही तेच.

'पाण्यात पडलं की पोहता येतं' हे यावरचे ठरलेले उत्तर. काही जणांना येते, हे खरे. पण इथे बुडणारा एकटा नसतो. त्याच्याखाली आठ-दहा माणसे असतात आणि त्यांतली चांगली आधी दुसरीकडे निघून जातात. मिचेल हॉफमन आणि स्टीव्हन टाडेलिस यांनी एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीत हेच मोजले: माणसे चांगली सांभाळणाऱ्या व्यवस्थापकांच्या हाताखाली नोकरी सोडण्याचे प्रमाण कमी होते. दुसरा आक्षेप लहान उद्योजकांचा, की आम्हाला हे परवडत नाही. भोसरी किंवा इचलकरंजीच्या वीस-तीस कामगारांच्या युनिटला कोर्स परवडणार नाही हे मान्य. पण इथे सुचवलेल्या गोष्टींत कोर्सला फार जागा नाही, आणि लहान युनिटचा मालक रोज त्याच शेडमध्ये असतो. वरच्याचा वेळ या भांडवलात तो मोठ्या कंपनीपेक्षा श्रीमंत आहे. त्याला कठीण जाते ते अधिकार सोडणे. तिसरा आक्षेप, शिकवलेला माणूस निघून जाईल. जाईल कदाचित. न शिकवलेला राहिला तर काय होते, ते वर आले आहे.

म्हणून बढतीच्या पत्रावर सही करणाऱ्यांना एक विनंती. त्याच कागदावर दोन ओळी वाढवा: या व्यक्तीची कोणती कामे आजपासून दुसऱ्याकडे गेली आणि कोणाकडे, आणि पुढचे सहा महिने आठवड्यातला कोणता एक तास मी तिला देणार आहे. या दोन ओळी आज लिहिता येत नसतील तर सही पुढच्या महिन्यापर्यंत थांबवा. तोवर ती व्यक्ती आपले जुने काम उत्तम करतेच आहे.